शेजार हीही एक संस्थाच आहे

पतीच्या निधनाने किंवा त्याने पाठ फिरवल्याने एकाकी पडलेल्या एखाद्या गरीब स्त्रीने आपला मुलगा लहानाचा मोठा केला, की तिच्या धैर्याची आपण मुक्तकंठाने प्रशंसा करतो, आणि ती यथायोग्यच असते. परंतु ज्या भिंतीपलीकडच्या माणसांनी तिच्या संसाराचा भार निमूटपणे वाटून घेतला, त्यांचा नामोल्लेखही आपण करीत नाही, आणि असा शेजार कोणत्या परिस्थितीत निर्माण होतो व कशाने नष्ट होतो, हा प्रश्न तर आपल्या मनाला शिवतही नाही.

मुंबईतील बी. डी. डी. चाळींचेच उदाहरण घ्यावे. १९२० नंतरच्या काही वर्षांत तत्कालीन सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या या इमारतींत एका कुटुंबाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची एक खोली आली. संडास सामाईक, जिना सामाईक, आणि साऱ्या खोल्यांची दारे एकाच लांबलचक बोळात उघडणारी. अशा मजल्यावरील एखादी बाई पहाटे खानावळीत पोळ्या लाटायला निघते, तेव्हा खोलीची किल्ली आणि झोपलेला मुलगा ती शेजारच्या काकूंच्या हवाली करते. काकू त्याला उठवून, न्हाऊ घालून शाळेत धाडतात; समोरचे पेन्शनर कारकून संध्याकाळी त्याच्याकडून पाढे म्हणवून घेतात; वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलाची पुस्तके जूनमध्ये न मागता त्याच्या दारी येतात. आईला यायला उशीर झालाच, तर बोळातूनच आवाज येतो, “तो आमच्याकडे जेवलाय हो, तुम्ही आधी चहा घ्या.” आमटीची वाटी देतानाही ‘आज जरा जास्तच झाली’ एवढीच सबब सांगितली जाते, आणि ती वाटी कधी रिकामी परत जात नाही, पुढच्या खेपेस तीत त्या माउलीच्या हातचे लिंबाचे लोणचे असते. घेणारीला याचक न करणारे हे दातृत्व कोणत्याही धर्मादाय संस्थेने आदर्श मानावे असे आहे.

सरकारी साहाय्य नाही असे नव्हे. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा व परित्यक्ता स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला तहसील कचेरीत दाखल करावा लागतो. महिन्याला १,७५० रुपयांहून अधिक मिळवणारी स्त्री निराधार नव्हे, असाच याचा अर्थ होतो. म्हणजे दोन घरची धुणीभांडी करून मुलाच्या मुखी घास घालणारी बाई तिच्या कष्टांमुळेच या मदतीला अपात्र ठरते. ही मर्यादा तातडीने वाढवली पाहिजे. तथापि अनुदान कितीही वाढले, तरी तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्री कोण बसेल, याची तजवीज कोणत्याही सरकारी हुकुमाने होत नाही.

आता या चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत, आणि भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे; जुन्या चाळीचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही, कारण तेथील दाटी जीवघेणी होती, कुचाळक्याही होत्या, आणि एकट्या स्त्रीकडे संशयाने पाहणारे डोळेही होते. परंतु पुनर्विकासाच्या कागदपत्रांत क्षेत्रफळाची, वाहनतळाची, देखभालखर्चाची तपशीलवार नोंद असते. कोणाच्या शेजारी कोण राहत होते, याची मात्र दखल नसते. पिढ्यानुपिढ्यांचा विश्वास असा विस्कटला, तर त्याची सर्वांत मोठी झळ जिला पाळणाघर परवडत नाही तिलाच पोचते.

म्हणून माझी मागणी साधी आहे: ज्या कुटुंबांची इच्छा असेल, त्यांना नव्या इमारतीतही एकाच मजल्यावर घरे मिळावीत, प्रत्येक मजल्यावर मुलांना बसता-खेळता येईल एवढी सामाईक जागा असावी, आणि या दोन्ही अटी करारनाम्यात लेखी असाव्यात. शेजारधर्म कायद्याने निर्माण करता येत नाही हे खरे. पण जो आपोआप निर्माण झाला आहे, तो नियोजनाच्या अनास्थेने मोडू न देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे.