बांधावरची बाभूळ कोणाची?

जंगलाचा विषय निघाला की आपल्या बैठकांत मेळघाट येतो, गडचिरोली येते. मोहोळसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या बाईला कोणी विचारत नाही. तिच्याकडे कुठलं आलंय जंगल? पण मैत्रिणींनो, तिचं जंगल बांधावर आहे, ओढ्याकाठी आहे, गायरानात आहे.

एकट्या बाभळीचंच पाहा. नांगर, कुळव, गाडीची चाकं बाभळीची, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, कारण ते पुरुषांचं काम. पण वाळलेल्या काटक्या चुलीला, पाला नि शेंगा शेळीला, डिंक बाळंतिणीच्या लाडवात, काटेरी फांद्या कुंपणाला. हा सगळा हिशेब बाईच्या डोक्यात असतो, आणि भाराही तिच्याच डोक्यावर.

म्हणून परंपरेचे गोडवे गायचे असंही नाही. शिंदीच्या पानांची केरसुणी मातंग बायांनी बांधायची, दिवाळीला ती घरोघर लक्ष्मी म्हणून पुजायची आणि बांधणारीला मात्र उंबऱ्याबाहेर उभं करायचं, हीसुद्धा परंपराच. भूमिहीन बाई बांधावरच्या काटक्या वेचायची, तेव्हा तो तिचा हक्क नव्हता, मालकाची मेहेरबानी होती.

आता ती मेहेरबानीही आटत चालली आहे. १९८० साली उजनी धरण झालं, पाणी आलं, ऊस आला. झाडाची सावली पिकाला नको, म्हणून बांध मोकळे झाले. बाभळीचा सौदा पारावर ठरतो. सातबारावर नाव नसलेल्या घरच्या मालकिणीलाही कोणी विचारत नाही. मग सरपणाला उरते वेडी बाभूळ. जळते चांगली, पण तिच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही आणि काटा चप्पल फोडून पायात जातो. २०१६ पासून उज्ज्वलाचा गॅस मिळू लागला, पण टाकी भरायला रोख पैसे लागतात. आणि गॅसवर शेळी जगत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, ही मोठी कमाई. पण तो वनजमिनीपुरता. बांध त्यात बसत नाही, गायरानही सहसा नाही. आपल्याला जागा आहे ती ग्रामसभेआधीच्या महिला ग्रामसभेत. पुष्कळ गावांत ती रजिस्टरवरच्या सह्या-अंगठ्यांपुरतीच उरते. तिथे ठराव मांडा: गायरानातलं झाड बायांना विचारल्याशिवाय तोडायचं नाही, काटक्या-शेंगांवर भूमिहीन बायांचा पहिला हक्क, आणि नवी झाडं कोणती लावायची ते आम्ही सांगू. सामाजिक वनीकरणात निलगिरी, सुबाभूळ लावली तेव्हा आम्हाला कोणी विचारलं होतं?

खासगी बांधाचं जास्त अवघड आहे. तिथे ठराव चालत नाही. तिथे आधी शेतमालकाच्या बायकोशी बोलावं लागेल, आणि ती बहुधा आपल्याच बचत गटात बसलेली असते.