निश्चयाला दिलेला नाहक मान

तंबाखू सुटत नाही, पहाटे उठणे जमत नाही, अंथरुणावर पडल्यावर मोबाइल हातातून खाली ठेवला जात नाही, की आपल्याकडे निवाडा लगेच होतो: याचे मन कच्चे आहे. निवाडा देणारे बहुधा घरचेच असतात, आणि ज्याच्याविरुद्ध तो जातो त्यालाही तो मनोमन पटलेला असतो. म्हणून उपायही ठरलेला, निश्चय करा. नवे वर्ष, गुढीपाडवा, वाढदिवस, रक्तातल्या साखरेचा अहवाल, निमित्त कोणतेही चालते. निश्चय मोडला की आणखी मोठा निश्चय, तोही मोडला की स्वतःविषयी तिटकारा. ही समजूत खोडून काढणे मला अगत्याचे वाटते, कारण ती माणसांना नाहक अपराधी ठरवते आणि जिथे खरोखर काही बदलता येईल तिकडे त्यांची नजरच जाऊ देत नाही. सवय ही वेळ, जागा, संगत आणि हाताशी असलेल्या वस्तू यांच्याशी जुळलेली कृती असते. सजगपणा खर्चायचा तर तो ही जुळणी ओळखण्यावर आणि बदलण्यावर खर्चावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

या निश्चयवादाला अलीकडे एक आकडा चिकटला आहे: एकवीस दिवस नेटाने करा, सवय लागलीच म्हणून समजा. आकड्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटू लागायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘निदान’ पुढे गळून पडला आणि आरशातल्या चेहऱ्याची गोष्ट पहाटे पळायला जाण्याला लावली गेली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे अभ्यासले. प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक साधी कृती निवडली आणि ती दिवसातल्या ठरावीक प्रसंगाला जोडली. कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्य ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक फरक एवढा की कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला, गणिती अंदाजाने, २५४ दिवस लागले असते. मला याहून मोलाचा वाटतो तो त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणावा असा खंड पडत नाही. निश्चयवादी माणूस नेमका त्या एका चुकलेल्या दिवशी सगळे सोडून देतो, कारण त्याच्या लेखी तो दिवस म्हणजे पराभव असतो.

ज्यांना आपण ‘निग्रही’ म्हणतो ती माणसे तरी निग्रहावर जगतात का? जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग शहरात २०५ प्रौढांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारले गेले, की आत्ता कसली इच्छा होते आहे, तिला विरोध करता आहात का. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत स्वभावाने संयमी ठरलेल्या लोकांनी मोहाशी झुंज जास्त नव्हे, कमी वेळा दिल्याचे आढळले. त्यांच्या वाट्याला झुंजीचे प्रसंगच कमी येत होते. उलट बाजूने सवयीचे आंधळेपणही मोजले गेले आहे. अमेरिकेत डेव्हिड नील आणि वेंडी वूड यांच्या प्रयोगात चित्रपटगृहात लोकांना आठवड्यापूर्वीचे शिळे पॉपकॉर्न दिले. चव आवडत नाही असे तेच सांगत होते. तरीही चित्रपट बघताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय असलेल्यांनी ते ताज्याइतकेच खाल्ले. अशाच सवयीच्या माणसांना सभेच्या खोलीत बसवले, किंवा सवयीच्या नसलेल्या हाताने खायला सांगितले, की शिळे पॉपकॉर्न बाजूला राहू लागले. सवय तीच, पॉपकॉर्नही तेच. बदलला तो हात किंवा ती खोली.

कोणी म्हणेल, पॉपकॉर्न ठीक आहे, व्यसनाचे काय? त्याचे उत्तर व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी दिलेले आहे. १९७१ च्या सुमारास तिथल्या सैनिकांपैकी जवळजवळ पाचातला एक हेरॉईनच्या आहारी गेला होता, आणि हे सगळे मायदेशी व्यसनी म्हणून उतरणार या धास्तीने सरकार हादरले होते. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा माग काढला. तिथे व्यसनात अडकलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले सुमारे पाच टक्केच निघाले. तीन वर्षांनंतरही आकडा बारा टक्क्यांच्या आसपास होता. त्यांना परत पाठवण्यापूर्वी लघवीची तपासणी होत असे आणि व्यसन उतरवले जाई, हे खरे. पण अमेरिकेतल्या रुग्णालयांतही व्यसन उतरवले जात होते, आणि तिथले रुग्ण मोठ्या संख्येने पुन्हा जुन्या वाटेला लागत होते. रुग्ण आपल्या जुन्याच गल्लीत परतत होता. सैनिकाच्या मागे ती छावणी, ते सोबती आणि ते भय हजारो मैलांवर राहिले होते. यावरून व्यसन हा आजार नाही किंवा उपचार नकोत असे कोणी काढू नये. परिसराचे बळ किती, एवढेच यातून दिसते, आणि ते थोडेथोडके नाही.

मग सजग जगण्याचा जो उपदेश सर्वत्र चालू आहे त्याचे काय करायचे? त्याच्या एका अर्थाला माझा विरोध आहे: क्षणाक्षणाला जागरूक राहा, प्रत्येक घास लक्षपूर्वक घ्या, प्रत्येक पाऊल लक्षपूर्वक टाका. हे दिवसभर शक्य नाही आणि इष्टही नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालीच मांडले होते, की रोजची जितकी कामे आपण सवयीच्या हवाली करू तितके मन वरच्या कामांना मोकळे राहते. दुसऱ्या अर्थाने मात्र सजगपणा अमूल्य आहे, आणि तो अर्थ इगतपुरीला पाहायला मिळतो. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे तिथल्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून चालतात. तिथे शिकवतात ते मनाकडे पाहायला. पण पाहायला बसवण्याआधी मोबाइल जमा करून घेतात, मौन पाळायला लावतात, पहाटे चार वाजता घंटा वाजवतात, जेवणाच्या आणि बसण्याच्या वेळा बांधून देतात. अंतर्मुखतेच्या एवढ्या मोठ्या साधनेनेही साधकाच्या निश्चयावर सगळा भार टाकलेला नाही. प्रथम परिसर बदलला, मग मनाला हात घातला.

म्हणून सजगपणाचे काम थोड्या दिवसांचे आणि नेमके असावे: सवय कुठे सुरू होते ते पकडणे. तंबाखूची पुडी खिशात हात गेल्यावर लागते, की जेवणानंतर, की अमुक माणूस भेटल्यावर? मोबाइल झोप येत नाही म्हणून उघडला जातो, की उशाला चार्जर आहे म्हणून? असे दुवे एकदा दिसले की उपाय अगदी साधा निघतो, इतका की निश्चयवाद्याला तो क्षुद्र वाटतो. चार्जर बाहेरच्या खोलीत नेणे, जेवणानंतर टपरीकडे जाणारा रस्ता टाळणे, साखरेचा डबा ओट्यावरून वरच्या फळीवर ठेवणे. जी कृती वाढवायची तिच्या वाटेतले अडथळे काढायचे, जी कमी करायची तिच्या वाटेत ते टाकायचे. यात शौर्य नाही हे मान्य, पण ते लागतही नाही.

यावर सर्वांत आदराने घ्यावा असा आक्षेप परंपरेचा आहे: आपल्या संतांनी संयम शिकवला, तुम्ही डबे हलवायला सांगता. परंपरा नीट पाहिली तर ती माझ्याच बाजूने उभी राहते. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे सोडणारी घरे काय करतात? आषाढी एकादशीच्या आधी कांदेनवमी होते आणि त्यानंतर त्या वस्तू स्वयंपाकघरातच येत नाहीत. वर्ज्य वस्तू ठरलेल्या, आरंभ आणि शेवट पंचांगाने बांधलेला, नियम साऱ्या घराचा. रोज मोह आवरायची वेळच कोणावर येत नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याला गावात कोणी मटण वाढत नाही की दारूचा आग्रह करत नाही. माळ इतरांना दिसते, म्हणून इतरांचे वागणे बदलते, आणि माळकऱ्याचा संयम निम्मा गाव सांभाळतो. एकादशी, वारी, भजनाची ठरलेली वेळ या सगळ्यांत हीच जाण आहे. उपदेश आपण लक्षात ठेवला, ही मांडणी मात्र विसरलो.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा: दोष परिसरावर टाकला की माणूस मोकाट सुटेल. मला तसे वाटत नाही. ‘माझे मनच कमजोर’ म्हणणाऱ्याकडे करण्यासारखे काही उरत नाही. ‘माझी रात्रीची खोली चुकीची लावलेली आहे’ म्हणणाऱ्याला आज संध्याकाळी करायचे काम मिळते. जबाबदारी हलकी होत नाही, ती पार पाडता येण्याजोगी होते.

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि तो माझे म्हणणे आणखी पुढे नेतो: खोली ज्याच्या हाती आहे त्यानेच ती लावावी, पाळ्यांमध्ये राबणाऱ्याने, एका खोलीत सहाजणांसोबत राहणाऱ्याने काय हलवायचे? म्हणूनच सवयींचा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहत नाही. भारतात तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले. या घटीची कारणे अनेक असतील, पण त्या सात वर्षांत देशाचे मनोबल वाढले असे कोणी म्हणणार नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर आडकाठी झाली, महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, २०१६ मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग चित्र आणि मजकुराच्या इशाऱ्याने व्यापला. बंदी मोडून गुटखा विकला जातो हे खरेच, पण ती तक्रार अंमलबजावणीची आहे. शिक्षणसंस्थांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या शाळांमध्ये मुलांकडून तंबाखूविरोधी शपथा म्हणवून घेतल्या जातात, आणि अनेक ठिकाणी फाटकाबाहेर टपरी चालूच असते. शाळेच्या व्यवस्थापन समितीने आणि पालकांनी ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे पहिला अर्ज त्या टपरीबद्दल करावा. शपथेचा कार्यक्रम नंतर ठेवला तरी चालेल.