पुढं पाठवण्याआधी एक फोन

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा दिवस एकाच प्रश्नानं उजाडतो, ‘राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?’ ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, उपसा केंद्रं बुडाल्यानं शहराचे नळ कोरडे झाले आणि चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं बोटींकडे डोळे लावून बसली.

पाण्यात उतरलेले जवान, व्हाईट आर्मीचे कार्यकर्ते, गावोगावची तरुण पोरं सगळ्यांनी पाहिली. पण मैत्रिणींनो, त्या आठवड्यात आणखी एक फौज घराघरांत जागी होती, हातात मोबाइल घेऊन. मीही तिच्यात होते. पुण्याहून नणंदेनं मेसेज पाठवला. चिखलीत माळ्यावर म्हातारं जोडपं अडकलंय, बोट पाठवा. खाली नंबर होता, म्हणून लावला. मुलानं उचलला. “ताई, आई-आबांना कालच बाहेर काढलंय. सकाळपासून हेच सांगतोय सगळ्यांना!” त्यानंतरही दोन दिवस तो मेसेज फिरत होता. त्यावर तारीख नाही, वेळ नाही आणि ‘सुटका झाली’ असं लिहायची तसदीही कुणी घेतलेली नाही.

वरवर पाहता यात कुणाचं काय बिघडलं? बिघडतं. बोटी मोजक्याच असतात. रिकाम्या घराकडं एक फेरी गेली, की दुसऱ्या कुठल्यातरी गच्चीवर कुणीतरी तेवढा वेळ भिजत थांबतं. नियंत्रण कक्षातला फोनही त्याच त्या पत्त्यासाठी वाजत राहतो आणि ज्या बाळंतिणीचं नाव कुठंच आलेलं नाही, तिला लाइन मिळत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, केरळनं वेगळं काही करून दाखवलं होतं. तिथल्या आयटी मिशननं आणि स्वयंसेवकांनी मिळून एक संकेतस्थळ उभारलं. मदतीची मागणी तिथं नोंदवायची, स्वयंसेवकांनी घरबसल्या फोन करून खातरजमा करायची. गोंधळ तिथंही झाला. पण मागणी कुठं नोंदवायची याला एक जागा तरी होती. आपल्याकडं पन्नास ग्रुप आणि पन्नास याद्या! २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हाही माझ्या फोनवर तेच चित्र.

खरं सांगायचं तर हे काम आपल्याला जमण्याजोगं आहे. कुणाला डायलिसिस आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाच्या घरी तान्हं मूल आहे, गोठ्यात किती म्हशी आहेत (म्हैस सोडून घरातली माणसं बोटीत बसत नाहीत, हे शहरातल्यांना उशिरा कळतं), हे फोनवर विचारायला बायकांइतकं कुणाला येतं? केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बचावकार्य, प्रथमोपचार शिकवतात. त्याच धर्तीवर फोनवाल्यांनाही मे महिन्यातच चार तास शिकवावं. यादी एकच, ती जिल्ह्याच्या १०७७ च्या कक्षाशी जोडलेली, आणि प्रत्येक नावापुढं वेळ.

आणि नंबर सगळ्यांच्या हाती देऊ नयेत. मदत मागणाऱ्या माझ्या ओळखीतल्या एका मुलीला पूर ओसरल्यावरही कितीतरी दिवस रात्री-अपरात्री अनोळखी फोन येत होते. शेवटी तिनं सिमच बदललं. पुढच्या वेळी ती मदत मागायला धजावेल का?

आमच्या भिशीतल्या अकरा जणींनी फोनच्या कामासाठी नावं लिहून दिली आहेत. यादी तयार आहे. ती स्वीकारणारं टेबल सरकारी कचेरीत नेमकं कुठलं, तेवढं आता कुणीतरी सांगावं.