सावकाश बोल, ऐकू येत नाही!

मीरा रोडच्या शांती नगरात आमच्या घरी पहाटे चारचा अलार्म वाजतो, तो लोकलसाठी नाही, पाण्यासाठी. अलार्म आईचा. माळ्यावरची टाकी किती भरली, हे बघायला ती स्टुलावर चढते. वय बासष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. गेल्या महिन्यात स्टूल हललं, थोडक्यात वाचली. त्याच दिवशी ठरवलं, आता टाकीलाच बोलतं करायचं!

मी मास कॉमवाली. इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध मोबाईल चार्ज करण्यापुरता. पण आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रियात डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्या नॉन-इंजिनीअर मंडळींसाठी जन्मला, हे वाचून धीर आला. शनिवारी ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणि अंतर मोजणारा सेन्सर घेतला. झाकणापासून पाणी किती खाली, ते सेन्सर मोजणार आणि आकडा लॅपटॉपच्या सीरियल मॉनिटरवर उमटणार. सोप्पं!

कसलं सोप्पं? आधी लॅपटॉपला बोर्डच दिसेना. तासाभरानं कळलं, केबल फक्त चार्जिंगची होती, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच. केबल बदलली, नेटवरून घेतलेला प्रोग्राम बोर्डात गेला, मॉनिटर उघडला... आणि उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, कसलीशी चित्रविचित्र अक्षरं! सेन्सर बदलला, तारा बदलल्या, प्रोग्राम पुन्हा टाकला. ढिम्म. रडू यायचंच बाकी होतं.

चारला आई उठली. ‘काय ग हे?’

‘बोर्ड बोलतोय, पण मला कळत नाहीये.’

‘मग त्याला सांग, सावकाश बोल.’

ट्यूब पेटली! प्रोग्राममध्ये वेग होता ११५२००, मॉनिटरवर ९६००. ह्यालाच म्हणतात बॉड रेट, सेकंदाला किती बिट जाणार त्याचा आकडा. (नाव फ्रेंच तारयंत्र अभियंता एमिल बोदो ह्यांच्यावरून.) इथे ठेका धरायला वेगळी तार नसते. दोघंही आपापल्या घड्याळावर विसंबून. माझा मॉनिटर एक बिट मोजेपर्यंत बोर्ड बारा बिट पाठवून मोकळा! बोर्ड चुकत नव्हता, मीच चुकीच्या वेगानं ऐकत होते. कोपऱ्यातल्या यादीत ११५२०० निवडलं आणि स्वच्छ आकडा आला : ३२ सेंटिमीटर.

तेव्हा मंडळी, पहिल्यांदाच करणार असाल तर रात्र वाचवा. बोर्ड दिसतच नसेल, तर केबल बघा. स्वस्तातल्या काही बोर्डांना वेगळा ड्रायव्हरही लागतो. मॉनिटर कोरा असेल, तर पोर्ट बरोबर निवडलंय का आणि प्रोग्रामच्या सेटअपमध्ये ‘सीरियल.बिगिन’ आहे का, ते तपासा. अगम्य अक्षरं आली, तर आधी दोन्हीकडचा वेग जुळवा. सगळे आकडे एकाच ओळीत चिकटले, तर ‘प्रिंट’ऐवजी ‘प्रिंटलाइन’ वापरा. तरीही अडलं, तर सेन्सर काढून नुसतं ‘हॅलो’ छापून बघा. ते नीट उमटलं, तर लॅपटॉपपर्यंतचा रस्ता साफ आहे, गडबड पुढे शोधायची.

आई अजूनही चारला उठते. सवय! पण आता खुर्चीत बसून आकडा वाचते. स्टुलावर सध्या तुळशीची कुंडी आहे.