जोंगाला रंग कोणता द्यायचा?

लष्कराच्या लिलावातली जुनी जोंगा घेऊन ती धावती करणे हा एकट्यादुकट्याचा उद्योग नव्हे. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात कारखान्यांची वस्ती, त्यामुळे लेथवाला, वेल्डर हाकेवर. पण गिअरबॉक्स उतरवायला चार दोस्तच लागतात आणि त्यांचे कित्येक रविवार!

जोंगा हे नाव जबलपूरच्या लष्करी कारखान्यांच्या आद्याक्षरांवरून पडले. मूळ घडण जपानी निसानची, १९६९ पासून ती जबलपुरात बनू लागली. सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन, तहान दांडगी. म्हणून अनेक जण डिझेल इंजिन बसवतात. खिशाला ते बरे, पण आर. टी. ओ.ची परवानगी हवी. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती इंजिन, चासी, बॉडी मूळची राखली तरच. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. हौस गाडी जपण्याची की फिरवण्याची, हे मित्रमंडळींनी बोल्ट सोडवण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

आणि रंग? ज्या ऑलिव्ह ग्रीनवर जीव जडतो, तो नियमाने फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना! तेव्हा डबा दुसऱ्याच रंगाचा आणावा.