भेट, वाचन आणि मोजदाद

१

आंतरजालावर प्रसिद्ध होणाऱ्या वाङ्मयीन लेखनाविषयी बोलताना एक युक्तिवाद आता जवळजवळ निर्विवाद असल्यासारखा मांडला जातो. छापील पुस्तकाचा वा नियतकालिकाचा वाचक हा समीक्षकाने कल्पिलेला वाचक होता. ब्लॉगचा वाचक मात्र प्रत्यक्ष दिसतो, असा हा युक्तिवाद. कोणत्या दिवशी किती जण आले, कोणत्या शहरातून आले, किती वेळ थांबले, कोठून निघून गेले, हे सारे गूगल ॲनॅलिटिक्ससारखी साधने तक्त्यात मांडून देतात. तेव्हा वाचककेंद्री समीक्षेने अर्धशतकभर केवळ तात्त्विक पातळीवर ज्याची मागणी केली, ते यंत्राने व्यवहारात आणून दिले आहे. वाचकाच्या नावाने अंदाजे बोलण्याचे दिवस संपले आहेत, असे या पक्षाचे म्हणणे.

या म्हणण्यात तथ्यांश आहे आणि तो आधी मान्य करायला हवा. मराठी समीक्षेतला 'वाचक' हा पुष्कळदा समीक्षकाचीच सावली असतो. 'सामान्य वाचकाला ही कादंबरी दुर्बोध वाटेल' असे लिहिणाऱ्याने त्या सामान्य वाचकाची भेट घेतलेली असतेच असे नाही. पुण्या-मुंबईबाहेरचा, महाराष्ट्राबाहेरचा, परदेशातला मराठी वाचक समीक्षेच्या हिशेबात क्वचितच धरला गेला. तक्त्यात त्याच्या शहराचे नाव उमटते, ही गोष्ट क्षुल्लक नाही. जुना लेख अनेक वर्षांनी कोणी तरी शोधून काढून उघडतो, हेही या तक्त्यांमुळेच लेखकाला कळते. मोजावे की मोजू नये, हा येथे वादाचा मुद्दा नाही. जे मोजले जाते त्याला 'वाचन' हे नाव कोणत्या आधारावर दिले जाते, हा वादाचा मुद्दा आहे.

२

'भेट', 'भेटकर्ता', 'सत्र', 'बाउन्स', 'कन्व्हर्जन' हे या तक्त्यांतले मूलभूत शब्द. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे आकड्यांची निरुपद्रवी शीर्षके म्हणून न पाहता रूपके म्हणून पाहायला हवे. ही रूपके दुकानाच्या उंबरठ्यावर घडलेली आहेत. गिऱ्हाईक दारात आले आणि आत न शिरता परतले, तर तो 'बाउन्स'. त्याने खरेदी केली, तर ते 'कन्व्हर्जन'. २००५ साली गूगलने अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या आज्ञावलीवर उभारलेले ॲनॅलिटिक्स त्याच वर्षी विनामूल्य खुले केले. जाहिरात हे ज्या कंपनीच्या उत्पन्नाचे मुख्य साधन, तिला जाहिरातदाराचा खर्च फळाला येतो की नाही हे दाखवणारे यंत्र हवे असणे स्वाभाविकच होते. दुकानदारासाठी ते यंत्र उपयुक्त आहे, याबद्दल शंका नाही. शंका आहे ती दुकानाच्या हिशेबवहीतून वाचनाची उपपत्ती काढू पाहणाऱ्यांबद्दल.

या हिशेबातला 'भेटकर्ता' माणूस नसतो. ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची एक खूण ठेवली जाते आणि ती खूण म्हणजे भेटकर्ता. एकाच व्यक्तीने एक लेख सकाळी फोनवर आणि दुपारी कार्यालयातल्या संगणकावर उघडला, तर दोन भेटकर्ते होतात. घरातल्या चौघांनी एकाच संगणकावर तो वाचला, तर एकच. ज्याने मागोवा रोखणारी सोय बसवून घेतली आहे, तो बहुधा अस्तित्वातच नसतो. आणि मराठी लेखनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते: लेखातला मजकूर उचलला जातो, लेखकाचे नाव गळते आणि तो व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरतो. हे सारे वाचन तक्त्याबाहेर राहते. मराठी वाचनाचा कदाचित सर्वांत जिवंत भाग ज्या यंत्राला दिसत नाही, त्या यंत्राने मराठी वाचक 'प्रत्यक्ष' दाखवला, असे म्हणणे धाडसाचे आहे.

'किती वेळ थांबला' या आकड्याची कथा तर याहून उद्बोधक आहे. ॲनॅलिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत एका पानावरचा वेळ हा ते पान उघडण्याचा क्षण आणि पुढचे पान उघडण्याचा क्षण यांतली वजाबाकी असे. पुढचे पान उघडलेच नाही, तर वजाबाकीला दुसरी संख्या मिळत नसे आणि वेळ शून्य धरला जाई. म्हणजे जो वाचक एका दीर्घ लेखासाठी म्हणून आला, चाळीस मिनिटे तो लेख सावकाश वाचून विचार करीत उठला, त्याच्या नावावर शून्य सेकंद आणि एक 'बाउन्स' जमा होई. जो पाच पाने भराभर उघडून एकही न वाचता गेला, तो रमलेला वाचक ठरे. १ जुलै २०२३ रोजी ही आवृत्ती नवी नोंद घेईनाशी झाली. तिच्या जागी आलेल्या आवृत्तीत दहा सेकंदांहून अधिक काळ टिकलेले सत्र 'गुंतलेले' मानले जाते, आणि पानाचा नव्वद टक्के भाग सरकवला गेला की तशी घटना नोंदली जाते. कालचा 'बाउन्स' आज 'गुंतलेला' झाला. वाचक तोच, लेख तोच, वाचनही तेच. बदलली ती केवळ व्याख्या, आणि ती बदलताना कोणा लेखकाला वा वाचकाला विचारण्यात आले नाही. पुढे जुलै २०२४ पासून जुन्या आवृत्तीतली माहितीही पाहता येईनाशी झाली. ज्यांनी ती वेळीच उतरवून घेतली नाही, त्यांच्या अनेक वर्षांच्या 'प्रत्यक्ष' वाचकांचा इतिहास पुसला गेला.

वोल्फगांग ईझरने १९७२ साली 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना मांडली ती हाडामांसाच्या वाचकासाठी नव्हे. संहितेने आपल्या रचनेतच वाचकासाठी करून ठेवलेल्या जागेसाठी. त्या अर्थाने तक्त्यातला भेटकर्ताही एक अभिप्रेत वाचकच आहे. फरक इतकाच की, ही जागा लेखकाच्या संहितेने केलेली नाही. ती कंपनीच्या आज्ञावलीने जाहिरातदारासाठी केलेली आहे. काल्पनिक वाचक हटवून खरा वाचक आणल्याचा दावा करणाऱ्यांनी वस्तुतः एक कल्पित हटवून दुसरे बसवले आहे, आणि दुसऱ्याच्या कल्पितपणाची जाणीव मात्र गमावली आहे.

३

वाचनाची मोजदाद समीक्षेला नवी नाही. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे न देता कविता ठेवल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले. त्यावर आधारलेला 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. या प्रयोगात त्याने प्रत्येकाला आपण कविता किती वेळा वाचली याचीही नोंद करायला सांगितले होते. 'एक वाचन' म्हणजे काय, हा प्रश्न त्यालाही पडला. एका बैठकीत कविता अनेकदा नजरेखालून गेली आणि त्यातून एकच प्रतिसाद वाढत गेला, तर ते सारे मिळून एक वाचन धरावे, अशी त्याची अट होती. कोणताच प्रतिसाद न उमटता समोर नुसते शब्द उरले, तर तेही एक वाचन, ही सोयही त्याने ठेवली होती.

या अटीशेजारी ॲनॅलिटिक्समधली सत्राची व्याख्या ठेवून पाहावी. तीस मिनिटे कोणतीही हालचाल नोंदली गेली नाही की सत्र संपते. ही त्या यंत्राची मूळ मांडणी. दोघेही वाचनाची सीमा आखतात. रिचर्ड्स ती प्रतिसादाच्या एकसंधपणावर आखतो, यंत्र ती बोटांच्या निश्चलतेवर आखते. रिचर्ड्सच्या पद्धतीवर आक्षेप पुष्कळ घेतले गेले आणि ते योग्यही होते. पण त्याला काय मोजायचे आहे हे ठाऊक होते, आणि आकड्याबरोबर वाचणाऱ्याचे शब्द त्याच्या हाती होते. त्यांतले गैरसमज, भावविवशता, पढीक मते यांचे विश्लेषण हाच त्या ग्रंथाचा गाभा आहे. तक्त्यात आकडा आहे आणि शब्द नाहीत. हे रिचर्ड्सच्या पुढचे पाऊल नसून त्याच्या प्रयोगातला मोलाचा अर्धा भाग गाळणे आहे.

यापेक्षाही जुना दाखला नाट्यशास्त्रात आहे. सत्ताविसाव्या अध्यायात भरत प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करतो आणि तिचे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार सांगतो. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या प्रकट प्रतिसादावरून ओळखायची: हसणे, साधुवाद देणे, अंगावर रोमांच येणे, जागेवरून उठणे. दैवी सिद्धी मात्र तेथे, जेथे प्रेक्षागृह भरलेले आहे आणि कसलाही आवाज नाही, खळबळ नाही. मोजता येण्याजोगे सारे प्रतिसाद पहिल्या प्रकारात जातात. दुसऱ्या, श्रेष्ठ प्रकारात नोंदण्यासारखी घटनाच घडत नाही. शिवाय प्रयोगाच्या गुणदोषांचा निर्णय करण्यासाठी भरताने प्राश्निक नेमले आहेत, आणि ते ज्या त्या विषयातले जाणकार: छंदासाठी छंदज्ञ, शब्दांसाठी व्याकरण जाणणारा, अभिनयासाठी नट. मोजणाऱ्याला काय मोजतो ते कळले पाहिजे, हा आग्रह त्यामागे आहे.

शांततेला सर्वोच्च सिद्धी मानणारी ही दृष्टी आणि शांततेला सत्राचा शेवट मानणारे हे यंत्र, यांत समन्वय कसा साधणार? वाचताना थांबणे, पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहणे, एका ओळीपाशी अडून राहणे हाच कवितेच्या वाचनाचा मोठा भाग असतो. यंत्राच्या लेखी ती अनुपस्थिती आहे.

४

यावर असे म्हटले जाईल की, आकडे अपुरे असले तरी निरुपद्रवी आहेत. ज्याला हवे त्याने पाहावेत. हा भाबडेपणा आहे. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखवून दिले की, नियंत्रणासाठी वापरात आणताच सांख्यिकीय संबंध विश्वासार्ह राहत नाहीत. मॅरिलिन स्ट्रॅथर्न या मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९९७ साली ब्रिटिश विद्यापीठांच्या मूल्यमापनाविषयी लिहिताना ते सूत्र व्यापक केले: मापच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही. जालीय पत्रकारितेत याची प्रचीती फार लवकर आली. अमेरिकेतल्या गॉकर या ब्लॉगसमूहाने २००८ साली लेखकांचे मानधन पाने किती वेळा उघडली गेली यावर बांधले. अशा व्यवस्थेत कोणते मथळे जन्माला येतात हे सांगायला समीक्षक लागत नाही.

वाङ्मयीन लेखनात मानधनाचा प्रश्न बहुधा नसतोच, म्हणून दबाव कमी होतो असे नाही. तो अधिक सूक्ष्म होतो. रोज तक्ता पाहणारा लेखक हळूहळू तक्त्यासाठी लिहू लागतो. दीर्घ लेखाचे तुकडे पडतात, अवघड संज्ञा टाळली जाते, ज्या विषयावर गेल्या वेळी आलेख चढला होता तो विषय पुन्हा येतो. लेखकाला यात कोणी जबरदस्ती केलेली नसते. त्याला तर वाटते की, तो वाचकाचा आदर करीत आहे. खपाचा आकडा प्रकाशकाच्या कपाटात असे आणि वर्षातून एकदा कळे. मराठी समीक्षेने खप आणि मूल्य यांची गल्लत सहसा होऊ दिली नाही. खपाच्या जोरावर श्रेष्ठत्व सांगणाऱ्याला ती हसली. तीच गल्लत 'वाचकाभिमुखता' हे सोज्ज्वळ नाव धारण करून आली, तेव्हा मात्र तिचे स्वागत होते आहे. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले. त्यातल्या लेखनावरचे वाद आजही संपलेले नाहीत. त्या मासिकाच्या वाचनाचा आलेख काढायचा झाला, तर तो कोणत्या दिवशी थांबवायचा?

५

शेवटचा मुद्दा वाचकाच्या स्वातंत्र्याचा आहे आणि वाङ्मयीन चर्चेत तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. ग्रंथालयांत दीर्घकाळ रूढ असलेल्या ब्राऊन पद्धतीत ग्रंथाचे कार्ड वाचकाच्या तिकिटात घालून ठेवले जाई आणि ग्रंथ परत येताच दोन्ही वेगळी केली जात. ग्रंथावरच्या तारखांच्या चिठ्ठीवरून तो किती वेळा बाहेर गेला हे कोणालाही मोजता येई. तो कोणी नेला होता, याची खूण त्या व्यवहारात मागे उरत नसे. मोजणी होती, पाठलाग नव्हता. शिवाय ती चिठ्ठी ग्रंथातच असे, पुढच्या वाचकालाही दिसे. जालावरचा वाचक आपला तक्ता पाहू शकत नाही. त्याच्या येण्याजाण्याची नोंद लेखकाच्या हाती अंशतः आणि तिसऱ्याच कोणाच्या हाती पुष्कळशी पडते. ऑस्ट्रियाच्या विदासंरक्षण प्राधिकरणाने एका प्रकरणात गूगल ॲनॅलिटिक्सचा वापर युरोपीय नियमांचा भंग करणारा ठरवला, हा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. भारतात वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. हे प्रश्न कायदेपंडितांचे आहेत असे म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकाला हात झटकता येणार नाहीत. एकांतात, कोणाच्याही नजरेखाली नसताना वाचण्याची मुभा ही आधुनिक साहित्याची एक पूर्वअट आहे. नामदेव ढसाळांची कविता वा भाऊ पाध्यांची कादंबरी घरच्यांच्या नजरेआड वाचणाऱ्या तरुण वाचकाला ही मुभा नसती, तर त्या वाङ्मयाने केलेला आघात त्याच्यापर्यंत पोचलाच नसता.

तक्ते वापरू नयेत असा याचा अर्थ नाही. पान उघडते की नाही, वाचक फोनवरून येतात की संगणकावरून, कोणत्या दुव्यावरून येतात, एवढे ते सांगतात, आणि अक्षरांचा आकार ठरवण्यासाठी तेवढे पुरे आहे. पण आकडेवारी दाखवून 'वाचकांनी कौल दिला' असे म्हणणाऱ्या संपादकाला समीक्षेने विचारले पाहिजे की, त्याच्या तक्त्यात 'वाचक' या शब्दाची व्याख्या कोणी केली, ती मागच्या वर्षी काय होती आणि पुढच्या वर्षी ती कोण बदलणार आहे. या प्रश्नांची उत्तरे देता येईपर्यंत त्याने 'भेटी' हाच शब्द वापरावा. वाचन झाल्याचा पुरावा लेखनाच्या क्षेत्रात एकाच रूपात येतो, तो म्हणजे वाचणाऱ्याचे स्वतःचे शब्द: पत्र, खंडन, अनुकरण, नवी कविता. तो पुरावा उशिरा येतो आणि थोडा येतो. समीक्षेने त्याची वाट पाहण्याचे काम सोडून तक्ते वाचायचे ठरवले, तर वाचकाच्या नावाने अंदाजे बोलण्याची जुनी खोड कायम राहील. फक्त त्या अंदाजावर दशांशचिन्ह आलेले असेल.