चांदी तोलण्यापूर्वी



वऱ्हाडातील व्यापारी घराण्यांत वाटणीचा प्रसंग आला की जमीन, दुकान आणि पेढी यांवर महिनोन्महिने खल चालतो. चांदीची वाटणी मात्र एका दुपारी उरकते. काटा मांडायचा, ताटे, वाट्या, तांबे, पानदाने, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या एकामागून एक तोलायच्या, एकूण वजनाला वाटेकऱ्यांच्या संख्येने भागायचे आणि उणेअधिक रोखीने पुरे करायचे. हिशेब चोख असतो आणि तक्रारीला जागा उरत नाही. परंतु त्याच राशीत बहुधा एखादी झाकणावर मजकूर कोरलेली पेटी असते, फितीवाचून उरलेली दोन पदके असतात, कान निखळलेला एखादा चषक असतो. काट्याला या वस्तूंचे वजन कळते. त्यांवरील अक्षरे वाचण्याचे काम मात्र माणसाचे आहे, आणि त्या घाईच्या दुपारी ते कोणीच करीत नाही.

२०२५ साली चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या पुढे गेला. अशा भावात जुनी चांदी मोडीत काढण्याचा विचार घरोघरी होणे स्वाभाविक आहे. म्हणून या वेळी या सदरात चांदीच्या पेट्या, करंडक आणि पदके यांविषयी, म्हणजे तोलण्यापूर्वी वाचावयाच्या चांदीविषयी लिहीत आहे.

प्रथम 'करंडक' हा शब्दच घेऊ. आज करंडक म्हटले की रणजी करंडक डोळ्यांपुढे येतो. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ मात्र लहान पेटी, डबी असा आहे. देव्हाऱ्याजवळचा कुंकवाचा करंडा त्याच कुळातला. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंडक श्रावकाचार' या ग्रंथाच्या नावातही हाच अर्थ आहे : रत्ने ठेवण्याची पेटी. पेटीचे नाव पुढे पारितोषिकाला मिळाले. तरी मूळ भाव विसरू नये. पेटीचे मोल तिच्यात काय ठेवले आहे त्यावर ठरते.

वऱ्हाडच्या भूमीत चांदी निघत नाही. ती येथे कापसाच्या मोबदल्यात आली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला कधी न मिळालेला भाव मिळाला. पाठोपाठ रेल्वे आली. १८७० साली खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते, यावरून त्या बाजारपेठेचे महत्त्व कळते. गाठी मुंबईकडे गेल्या आणि परतीला चांदीचे रुपये आले. हा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. सोनाराकडे असे रुपये आटवून भांडी घडविण्याची रीत घरोघरी होती. आजही खामगावला रजतनगरी म्हणतात. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. त्यामुळे जुन्या रुपयांतून घडविलेली वस्तू, दुसरी भेसळ नसेल तर, टंचाला एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या आसपास उतरते. सराफ हे एका कसोटीत सांगू शकतो. ती कोणासाठी घडविली होती, हे अक्षरेच सांगतात.

ही अक्षरे वाचली तर घरातील कोरीव चांदी तीन प्रकारांत विभागली जाते, आणि प्रत्येक प्रकाराबाबत आपले कर्तव्य निराळे आहे.

पहिला प्रकार आपल्याच पूर्वजांच्या नावाचा. मानपत्राची पेटी, प्रदर्शनात उत्तम कापसाबद्दल वा मालाबद्दल मिळालेले पदक, नगरपालिकेने वा पंचमंडळाने सत्काराच्या वेळी दिलेले तबक. व्यापारी घराण्याचा इतिहास लिहिणारा बखरकार क्वचितच लाभतो. रोजमेळ आणि खातेवह्या वाळवीने खाल्ल्या, पत्रे रद्दीत गेली. अशा घरातील पणजोबांनी विहीर बांधली, धर्मशाळेला खोली दिली वा दुष्काळात धान्य वाटले, याची एकमेव लेखी नोंद कित्येकदा त्या झाकणावरच्या चार ओळी असतात. मूस तापली की पहिल्या काही क्षणांतच त्या पुसल्या जातात. सराफ धातूचा भाव देतो, त्यातून घट कापतो, घडणावळ धरीत नाही आणि अक्षरांचे तर काहीच देत नाही. हा सौदा तोट्याचा आहे, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

दुसरा प्रकार संस्थेच्या नावाचा. अमरावतीला व्यायामाची आणि मैदानी खेळांची मोठी परंपरा आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली उभारलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. ज्या प्रदेशात खेळांना एवढे स्थान, तेथे ढाली, चषक आणि फिरते करंडकही अनेक. फिरता करंडक वर्षभर विजेत्याकडे राहतो आणि पुढच्या वर्षी परत जातो. पण स्पर्धा बंद पडली, चिटणीस बदलले, शाळेची इमारत हलली, आणि करंडक शेवटच्या विजेत्याच्या किंवा खजिनदाराच्या घरीच राहिला, असे घडते. पुढच्या पिढीला तो आपलाच वाटतो. त्यावरील नाव मात्र शाळेचे, क्लबचे किंवा व्यायामशाळेचे असते.

या बाबतीत गांधीजींचा दाखला आठवण्याजोगा आहे. १९०१ साली नाताळहून स्वदेशी परतताना तेथील हिंदी समाजाने त्यांना सोन्याचांदीच्या आणि हिऱ्यांच्या भेटी दिल्या. त्या रात्रभर त्यांना झोप लागली नाही. लोकसेवेबद्दल मिळालेली वस्तू आपली कशी, असा विचार करून त्यांनी विश्वस्त नेमले आणि साऱ्या भेटी समाजकार्यासाठी ठेवून दिल्या. कस्तुरबांनी सुनांसाठी काही ठेवावे म्हणून वाद घातला, तोही त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नोंदविला आहे. पुढे १९३३ च्या नोव्हेंबरात अस्पृश्यतानिवारणासाठी त्यांनी वर्ध्याहून देशव्यापी दौरा आरंभिला आणि त्याच महिन्यात अमरावती व अकोला येथेही ते आले. या दौऱ्यांत मानपत्रासोबत मिळालेल्या चांदीच्या पेटीचा सभेतच लिलाव करून रक्कम निधीला जमा करण्याची त्यांची पद्धत होती. असे लिलावात घेतलेले करंडक श्रद्धेने जपणारी घरे देशभर होती. ती पेटी वजनासाठी कोणी घेतली नव्हती.

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक आहे. आपल्या समाजातील अनेक घराण्यांत पूर्वी सावकारी होती. गहाण ठेवलेले डाग मुदतीत सुटले नाहीत की पेढीचे होत. तिजोरीच्या तळाशी अशी चांदी अजूनही निघते, आणि तिच्यावर परक्या घरची नावे असतात. कुणाच्या लेकीचे नाव टिंबांनी कोरलेली कुंकवाची डबी, मोडी अक्षरांत आडनाव असलेला तांब्या, आणि कधी सैनिकाचे पदक. पहिल्या महायुद्धानंतर दिले गेलेले ब्रिटिश युद्धपदक लढाऊ सैनिकांसाठी चांदीचे होते, आणि त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव व पलटण उमटविलेली असे. कडेवरची ती ओळ इतकी बारीक असते की भिंग लावल्याशिवाय लक्षातही येत नाही. कायद्याने ही वस्तू आपली झाली असेल, व्यवहारही त्या काळी रीतसर झाला असेल. तरीही ज्या गावचे नाव आहे त्या गावी चौकशी करावी, नातू-पणतू सापडला तर त्याच्या हाती पदक द्यावे. धातूची किंमत फार नसते. मिळणाऱ्या घराला मात्र त्यातून एक आजोबा परत मिळतो.

आता वाचावे कसे, हे थोडक्यात. वस्तूच्या तळाशी, झाकणाच्या आतल्या कडेला आणि बिजागरीजवळ पाहावे. चालणाऱ्या सिंहाची छाप म्हणजे इंग्लंडमधील प्रमाणित स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. सोबत नांगराची छाप असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची, आणि जवळचे एकटे अक्षर वर्ष सांगते. 'ओ. एम.' ही इंग्रजी अक्षरे आणि 'भुज' असा ठसा असल्यास ती कच्छच्या ओमरसी मावजी या नामांकित कारागिराकडची असण्याचा संभव असतो आणि जाणकाराला दाखवावी. 'ई. पी. एन. एस.' ही अक्षरे असतील तर वरचा मुलामा तेवढा चांदीचा आणि आतला धातू तांबे, निकेल व जस्त यांचा. जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात चांदी अजिबात नसते. स्पर्धांचे बहुतेक चषक याच जातीचे असल्यामुळे सराफ ते परत करतो आणि मग ते भंगारात जातात. वास्तविक धातूची किंमत नाही म्हणून ते जपणे अधिक सोपे आहे. तेथे मोहच नाही.

अक्षरे वाचविण्यासाठी घासणे कमी करावे. दर सणाला राख, चिंच किंवा दंतमंजन लावून घासल्याने कोरीवकाम बोथट होते आणि मुलामा उडतो. मऊ सुती कापडाने पुसणे पुरेसे आहे. रबर, लोकर आणि वर्तमानपत्र यांच्या सहवासात चांदी काळी पडते, म्हणून धुतलेल्या मलमलीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात असावी. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वा ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही आणि तिचा व्यापार करावयाचा तर परवाना लागतो. अमेरिकेतील मुलाच्या सामानात पणजोबांची पेटी ठेवण्यापूर्वी हे पाहावे.

कोणी विचारील, असा संग्रह करणे म्हणजे परिग्रहच नव्हे काय? शंका रास्त आहे. श्रावकाला परिग्रहाचे परिमाण सांगितले आहे, आणि जुन्या चांदीची हाव ही नव्या चांदीच्या हावेपेक्षा पवित्र ठरत नाही. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास घरोघरचे दिवे, अडकित्ते, पानदाने, करंडे गोळा करण्यास आरंभ केला, आयुष्य त्यात घातले, आणि पुढे तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजा केळकर संग्रहालय ते हेच. एवढे सर्वांना शक्य नाही. आपल्यापुरते परिमाण सोपे ठेवता येते : अक्षरे असलेले ठेवावे आणि साधे ते गरजेप्रमाणे मोडावे. मुलीचे शिक्षण वा घरातील आजारपण यासाठी कोरी ताटे विकावी लागली तर त्यात कमीपणा नाही.

भाव पाहून घाई करणाऱ्यांनी १९८० साल आठवावे. अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीमुळे जानेवारीत चांदीचा जागतिक भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ पोहोचला. त्या आठवड्यांत परदेशी घरांतील जुनी भांडी आणि पदके ढिगांनी भट्टीत गेली. मार्च संपण्यापूर्वी भाव कोसळला. भाव पुढे पुन्हा चढला. वितळलेली नावे मात्र परत आली नाहीत.

वाटणीच्या वेळी तंटा होऊ नये म्हणून एक व्यवहार्य रीत सुचवितो. कोरीव वस्तू आरंभीच बाजूला काढाव्यात. प्रत्येकीचे वजन आणि त्या दिवसाच्या भावाने किंमत लिहावी. जो वाटेकरी ती सांभाळील त्याच्या नावे ती रक्कम धरून इतरांना तेवढे रोख वा साध्या चांदीत द्यावे. कोणालाच नको असेल तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आहे. १८६३ पासूनचा हा अजब बंगला आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला आहे, तेथे विचारणा करावी. आणि वस्तू कोणाकडेही जावो, तिची नोंद सर्वांकडे असावी. एका वहीत छायाचित्र चिकटवावे. खाली अक्षरे जशीच्या तशी, जुन्या शुद्धलेखनासह उतरवावीत, मोडी असेल तर जाणत्याकडून वाचून घ्यावी, आणि कोणी, कोणाला, केव्हा, कशासाठी दिले ते घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीस विचारून लिहावे. हे शेवटचे काम लांबणीवर टाकू नये, कारण सांगणारी माणसे थोडी उरली आहेत.

धनत्रयोदशीला तिजोरी उघडली जाते आणि चांदी पुसून पूजेला मांडली जाते. त्या दिवशी घरातील मुलांच्या हाती भिंग द्यावे आणि कोणत्या वस्तूवर कोणाचे नाव आहे ते त्यांनाच वाचू द्यावे. वही त्याच संध्याकाळी सुरू करता येईल.